जुन्या वेषांतील नवे खेळ

गेल्या दिवाळीच्या सुट्टींतील गोष्ट. दुपारचीं जेवणें आटोपून मी नेहमींप्रमाणें खिडकीपाशीं आरामखुर्ची ओढून बसलों होतों. पवईस आमचें बिऱ्हाड आठव्या मजल्यावर आहे. खिडकींतून तलावाचा एक तुकडा आणि त्यापलीकडची झाडी दिसते. आमचे नातू, वय वर्षें बारा, दिवाणखान्यांतील मोठ्या पडद्यासमोर मांडी घालून बसले होते. पडद्यावर निळ्या चिलखतांतील एक योद्धा हातांत चक्क फावडें घेऊन उड्या मारीत होता. परंतु त्या योद्ध्याचे नाक-डोळे पाहूं जातां दृष्टीस पडले ते केवळ चौकोन! ढग चौकोनी, झाडें चौकोनी, ज्वाळाहि चौकोनी. मला वाटलें, पडदा बिघडला. "अरे, तुझें चित्र फाटलें आहे, ती तार नीट बसव पाहूं," मीं सांगितलें. त्यावर मान न वळवितां उत्तर आलें, "आजोबा, बिघडलेलें नाहीं. हें असेंच आहे. मुद्दाम केलेलें आहे."

हा 'मुद्दाम' शब्द माझ्या मनांत पुढें कित्येक दिवस घोळत राहिला. गरिबीमुळें ठिगळ लावलेलें धोतर नेसणारीं माणसें मीं लहानपणीं पुष्कळ पाहिलीं. परंतु पेटींत रेशमी कद असतां ठिगळाचें धोतर हौसेनें नेसणारा भेटला म्हणजे त्याचें कारण विचारावेंसें वाटतें. ज्या यंत्रावर माणसाच्या कपाळावरील घामाचा थेंबहि हुबेहूब उमटवितां येतो, त्याच यंत्रावर चाळीस वर्षांपूर्वींचें ओबडधोबड रूप कोणी कां घ्यावें? आणि तें घेतलें तर बारा वर्षांच्या मुलास त्यांत एवढी गोडी कां वाटावी? चिरंजीव, नातू, आणि येथील आय. आय. टी.च्या आवारांत चित्ररचनेचें शिक्षण घेत असलेली माझी पुतणी, अशा तिघांस गुरु करून या विषयाची मीं जी चौकशी केली, ती वाचकांपुढें मांडीत आहें. ज्या घरांत आजोबा, वडील आणि नातू एका छपराखालीं राहतात, त्या घरांत हा प्रश्न आज ना उद्यां येणारच.

प्रथम जुन्या खेळांचें जुनें रूप कसें होतें तें पाहूं. १९८३ सालीं जपानांत निन्टेंडो कंपनीनें फॅमिकॉम नांवाचें यंत्र विक्रीस काढलें. घरच्या टी. व्ही.स तें जोडावयाचें आणि त्यांत खेळाची डबी खोंचावयाची. त्याच्या पडद्यावर आडवे २५६ आणि उभे २४० असे सुमारें ६१ हजार ठिपके मावत. आजच्या उत्तम पडद्यावर ही संख्या ८३ लाखांच्या घरांत जाते. रंगांची एकंदर पेटी पन्नासांच्या आसपास, आणि एका वेळीं पडद्यावर येऊं शकत ते पंचवीस. चित्रें काढावयाचीं तीं आठ ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच अशा फरश्या जोडून. यंत्राची कामापुरती स्मरणशक्ति म्हणाल तर अवघ्या २०४८ अक्षरांची! मंदाक्रांता वृत्ताच्या एका श्लोकांत ६८ अक्षरें येतात. एका अक्षरास एक जागा धरली तर तीस श्लोकांतच त्या यंत्राची स्मरणशक्ति संपली. आमच्या पाठशाळेंतील मंदांतला मंद विद्यार्थीहि याहून अधिक मुखोद्गत करीत असे.

परंतु या दारिद्र्यांतून त्या कारागिरांनीं जें निर्माण केलें तें पाहिलें म्हणजे आश्चर्य वाटतें. मारिओ नांवाचा टोपीवाला सुतार प्रथम १९८१ सालच्या डाँकी काँग या खेळांत आला. त्याचे कर्ते शिगेरू मियामोतो यांनींच पुढें सांगितलें आहे कीं इतक्या थोड्या ठिपक्यांत केस काढतां येईनात म्हणून टोपी घातली, आणि नाक उठून दिसावें म्हणून खालीं मिशी लावली. सबंध जगाच्या ओळखीचा झालेला तो चेहरा अडचणींतून जन्मला. १९८५ सालच्या सुपर मारिओ ब्रदर्समध्यें आकाशांतील ढग आणि जमिनीवरील झुडुपें यांची आकृति एकच आहे. पांढरा रंग दिला कीं ढग, हिरवा दिला कीं झुडूप. बत्तीस टप्प्यांचा तो सर्व खेळ ४० किलोबाइट जागेंत बसविला होता. आज मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्रास त्याच्या कित्येक पट जागा लागते. त्याहि आधींचा, १९७८ सालचा, तोमोहिरो निशिकाडो यांचा स्पेस इन्व्हेडर्स घ्या. शत्रु कमी होत जातात तसतसे उरलेले अधिक वेगानें अंगावर येतात आणि खेळणाराची छाती धडधडूं लागते. हा परिणाम मूळच्या योजनेंत नव्हता. पडद्यावर काढावयाचीं चित्रें कमी झालीं म्हणजे यंत्रावरील भार हलका होऊन तें आपोआप वेगानें चालूं लागे! कर्त्यानें तो दोष दूर न करतां गुण म्हणून ठेवून दिला.

आपल्याकडे हे खेळ थोड्या उशिरानें पोहोंचले. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पुण्याच्या डेसिबेल्स या कंपनीनें स्पेक्ट्रम हा विलायती लहान संगणक येथें तयार करून विकला. त्याचे खेळ गाण्यांच्या टेपसारख्या कॅसेटींतून चढवावे लागत. त्यानंतर १९९० च्या पुढें समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नांवांनीं फॅमिकॉमच्या जातीचीं यंत्रें मध्यमवर्गीय घरांतून दिसूं लागलीं. एका डबींत ९९९९ खेळ असल्याची फुशारकी वेष्टनावर असे; प्रत्यक्षांत पांचपन्नास खेळांचीच उलटसुलट आवृत्ति निघे.

असेंच एक यंत्र आमच्याहि घरीं होतें. तो प्रसंग सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. १९९१ सालीं चिरंजीवांची मुंज झाली. तींत त्याच्या मामानें तें भेट दिलें. त्या वेळीं आम्ही भांडुपला दोन खोल्यांत राहत असूं आणि मी उपनगरांतील एका मराठी शाळेंत संस्कृत शिकवीत असें. तीन वर्षें तें यंत्र घरांत नांदलें. १९९४ च्या सहामाहींत मुलाचे गणिताचे गुण घसरले. मास्तरांच्या मुलाचे गुण घसरणें म्हणजे काय तें शिक्षकांच्या घरांतल्या वाचकांस सांगावयास नको. मुलगा शाळेंत गेला असतां मीं तें यंत्र, त्याच्या डब्यांसह, दारावर आलेल्या भंगारवाल्यास देऊन टाकलें. मुलास आधीं सांगितलें नाहीं, मागूनहि समजाविलें नाहीं. संध्याकाळीं त्यानें टी. व्ही.खालची मोकळी जागा पाहिली, दप्तर ठेवलें आणि हातपाय धुऊन परवचा म्हणावयास बसला. एक अक्षर बोलला नाहीं. मी मनांत म्हटलें, औषध लागू पडलें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. जुन्या वेषांतील नव्या खेळांचें आकर्षण कशांत आहे, असें कोणासहि विचारलें तर पहिलें उत्तर येतें तें गतकालाच्या ओढीचें. लहानपणीं जें हिरावलें किंवा हरवलें, तें मोठेपणीं विकत घेतां आलें तर कोण घेणार नाहीं? चिरंजीवांच्या बाबतींत हें उत्तर खरें आहे. कां खरें आहे तें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. परंतु नातवाचें काय? त्याचा जन्म झाला तेव्हां घरांत स्पर्शानें चालणारा मोबाइल होता. त्याला ओढ वाटावी असा गतकालच नाहीं. कोंकणांतल्या घराची ओढ तें घर पाहिलेल्यालाच असूं शकते. तेव्हां हें उत्तर अपुरें पडतें.

शिवाय आणखी एक गंमत आहे. ज्याला आपण जुनें रूप म्हणतों तें तसेंच्या तसें जुनें नाहींच. जुन्या टी. व्ही.ची कांच जाड, फुगीर. तींतील प्रकाशाचे ठिपके एकमेकांत मिसळत, आणि त्यामुळें चित्राच्या कडा मऊ दिसत. चित्रकारहि तो मऊपणा हिशेबांत धरूनच ठिपके मांडी. आजच्या पडद्यावर जे धारदार चौकोन दिसतात, तसे ते १९८५ सालीं कोणाच्याच घरीं दिसत नव्हते. नातवाचा तो फावडेवाला योद्धा, शव्हल नाइट, कॅलिफोर्नियांतील यॉट क्लब गेम्स या छोट्या मंडळीनें लोकांकडून आगाऊ वर्गणी जमवून २०१४ सालीं बाहेर काढला. फॅमिकॉमचे कोणते नियम आम्हीं पाळले आणि कोणते मोडले, याचा हिशेब त्या कर्त्यांपैकीं एकानें लिहून ठेवला आहे. पडदा आजच्याप्रमाणें रुंद घेतला. मूळच्या पेटींत नसलेले मोजके रंग घेतले. जुन्या यंत्रांत एका ओळींत आठांहून अधिक चित्रखंड आले कीं ते लुकलुकूं लागत, तें लुकलुकणें काढून टाकलें. बाकी सारें पथ्य कडक! हें वाचून आमच्या सौ. म्हणाल्या, "म्हणजे उपासाला खिचडी चालते तसें." मला वाटतें, या विषयाची अर्धी मीमांसा या एका वाक्यांत झाली आहे.

उरलेल्या अर्ध्याचेंहि श्रेय बरेंचसें त्यांच्याकडेच जातें. पुतणी एके दिवशीं आंखणीच्या कागदावर एक-एक चौकट रंगवीत बसली होती. खेळांतील एका लहान मुलीची आकृति ती बसवीत होती. सौ. नीं चष्मा लावून तें पाहिलें, आणि आंतून आपल्या माहेरची जुनी पिशवी आणून पुढें टाकली. तींत मॅटीच्या कापडावर फुलीच्या टांक्यानें भरलेले राघू-मैना, हत्ती, तुळशीवृंदावन असे नमुने होते. "आम्हीहि घरें मोजूनच भरीत होतों कीं. सोळा घरांत राघू बसला पाहिजे. चोंच एका टांक्याची, डोळा एका टांक्याचा. तो टांका एक घर चुकला तर राघूचा कावळा होतो." पुतणी त्या कापडाकडे बराच वेळ पाहत राहिली. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या आमच्या भगिनींस हें शास्त्र नवें नाहीं. हीं चौकोनी चित्रें त्यांच्याच गोत्रांतलीं आहेत.

या चित्रांचें सामर्थ्य सूचनेंत आहे. नवव्या शतकांत आनंदवर्धनानें ध्वनीचा सिद्धांत मांडला. शब्दांनीं सांगितलेल्या अर्थापेक्षां सुचविलेल्या अर्थांत काव्याचा प्राण असतो, हें त्याचें म्हणणें. एका टांक्याचा डोळा हा डोळा नव्हेच. डोळा पाहणाराच्या मनांत उघडतो. ज्या खेळांत प्रत्येक केस आणि प्रत्येक सुरकुती दाखविलेली असते, तेथें पाहणाराच्या कल्पनेस काम उरत नाहीं. मीं नातवास विचारलें, "या तुझ्या योद्ध्याचा चेहरा कसा आहे रे?" त्यानें क्षणाचाहि विलंब न लावतां सविस्तर वर्णन केलें. पडद्यावर त्या योद्ध्यास शिरस्त्राणापलीकडे चेहराच नाहीं!

दुसरें आकर्षण बंधनाचें. संस्कृत जाणणाऱ्यास हें पटवावें लागत नाहीं. अनुष्टुभ् छंदांत चार चरण, प्रत्येकीं आठ अक्षरें. त्यांतहि पांचवें लघु, सहावें गुरु. गद्याचें मैदान मोकळें असतां आजहि कोणी या चार भिंतींत शिरतो तो कागदाच्या टंचाईमुळें नव्हे. शब्द मोजून वापरावे लागले म्हणजे प्रत्येक शब्दाचें वजन पाहावें लागतें, एवढ्यासाठीं तो तें वृत्त पतकरतो. खेळ रचणाऱ्यांनीं तर याहून पुढची मजल मारली आहे. २०१५ सालीं पिको-८ नांवाचें एक काल्पनिक यंत्र निघालें. हें यंत्र पूर्वीं कधींहि, कोठेंहि नव्हतें. केवळ बंधनें मिळावींत म्हणून तें कल्पिलें गेलें. पडदा १२८ ठिपके लांब, तितकाच रुंद, रंग सोळा, संपूर्ण खेळ ३२ किलोबाइटमध्यें. या नव्या वृत्तांत जगभरच्या तरुणांनीं हौसेनें रचना केल्या. सेलेस्ट नांवाचा पर्वत चढण्याचा खेळ मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनीं प्रथम याच चौकटींत चार दिवसांत रचला. त्याचाच मोठा अवतार २०१८ सालीं निघून विख्यात झाला.

तिसरें आकर्षण माणसाच्या हाताचें. आजचे भव्य खेळ शेंकडों, कधीं हजारांहून अधिक माणसें वर्षानुवर्षें राबून तयार करतात. त्यांत एका माणसाची सही कोठेंच दिसत नाहीं. चौकोनी ठिपक्यांचा खेळ मात्र एकटा मनुष्यहि शेवटास नेऊं शकतो. अमेरिकेंतील एरिक बॅरोन यानें स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा खेळ सुमारें साडेचार वर्षें एकट्यानें खपून २०१६ सालीं पुरा केला. चित्रें त्याचीं, संगीत त्याचें, कथा त्याची, गणितहि त्याचेंच. शहर सोडून आजोबांच्या शेतावर राहावयास गेलेल्या माणसाची ती गोष्ट आहे. २०२४ अखेर तिच्या चार कोटींहून अधिक प्रति खपल्या. आपल्या देशांतहि रिया गुप्ते आणि प्रतीक सक्सेना यांनीं फिशबाऊल हा खेळ याच ठिपक्यांच्या शैलींत घडविला आहे. नव्या शहरांत एकटी राहणारी एक तरुणी, तिची वारलेली आजी, आणि त्या दुःखांतून रोजचीं बारीकसारीक कामें करीत तिनें सावरणें, एवढाच त्याचा विषय. खेळांत आजीसाठीं शोक करतां येतो, हें मला साठी उलटल्यावर कळलें.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मास्तर बंधनांचेंच स्तोत्र गाऊं लागले. तसें नाहीं. उपासाचा दाखला वर आलाच आहे, तोच पुढें नेतों. एकादशी करणारा आणि अन्न न मिळाल्यामुळें उपाशी राहणारा, या दोघांचेंहि पोट रिकामेंच असतें. परंतु पहिल्यास आपण व्रती म्हणतों. दुसऱ्यास व्रती म्हणणें ही क्रूर थट्टा होईल. १९८३ सालचा कारागीर उपाशी होता. त्यानें उपासमारींतहि कला दाखविली, हा त्याचा मोठेपणा. २०१४ सालचा कारागीर व्रती आहे. समोर पंचपक्वान्नें असतां त्यानें पान आवरतें घेतलें आहे. नव्या खेळांचें आकर्षण या दुसऱ्या गोष्टींत आहे. स्वेच्छेनें पतकरलेल्या मर्यादेला एक तेज असतें, आणि तें तेज बारा वर्षांच्या मुलासहि जाणवतें. त्यासाठीं जुनी आठवण असावी लागत नाहीं.

लादलेलें बंधन काय करतें याचा एक दाखला येथें पवईंतच आहे. त्या आठ ठिपक्यांच्या फरशींत रोमन अक्षर ऐसपैस बसतें. आपलें देवनागरी अक्षर बसत नाहीं. शिरोरेघेला एक ओळ, तिच्यावर वेलांटी-मात्रा, खालीं उकार, आणि त्यांत जोडाक्षर आलें कीं सारा खेळ खलास. म्हणून आमच्या मुलांशीं हे खेळ कधीं मराठींत बोलले नाहींत. हरल्याची वार्ताहि 'गेम ओव्हर' म्हणूनच आली. आपल्या लिपीला पडद्यावर सन्मानानें बसविण्यासाठीं ज्यांनीं आयुष्य वेंचलें, त्यांत अक्षरकलेचे आचार्य रघुनाथ कृष्ण जोशी अग्रगण्य होते. १९५८ सालीं येथें आय. आय. टी. स्थापन झाली आणि १९६९ पासून तिच्या आवारांत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर चालूं झालें; तेथें जोशी यांनीं १९८३ पासून सुमारें तेरा वर्षें अध्यापन केलें. त्यांनीं घडविलेलें 'मंगल' हें देवनागरी अक्षरवळण विंडोज २००० बरोबर देशभरच्या संगणकांत गेलें. २००८ सालीं ते वारले. आज माझी पुतणी त्याच आवारांत शिकते आणि सोळा घरांच्या चौकटींत 'क्ष' बसविण्याची खटपट करते. तिच्यासमोरची चौकट तिनें स्वतः आंखलेली आहे. तिच्या आधींच्या पिढीसमोरची चौकट दुसऱ्यानें आंखलेली होती. जुनें पुन्हां उचलतांना त्यांतलें पथ्य उचलावें, त्यांतली उपासमार उचलूं नये. जुनें तेवढें चांगलें आणि नवें तेवढें वाईट असें मानूं नये, हा इशारा कालिदासानें मालविकाग्निमित्राच्या प्रस्तावनेंतच देऊन ठेवला आहे. तो दोन्ही बाजूंनीं लागू पडतो.

हाच विवेक या नव्या खेळांनीं आणखी एका बाबतींत दाखविला आहे. दुकानांतून नाणें टाकून खेळण्याचे जुने खेळ कठोर असत, कारण खेळणारा लवकर हरला कीं दुसरें नाणें पडे. घरच्या यंत्रांतहि तो कठोरपणा वारशानें आला. मारिओच्या त्या खेळांत मिळविलेलें यश जपून ठेवण्याची सोयच नव्हती. यंत्र बंद केलें कीं उद्यां पुन्हां पहिल्यापासून. फावडेवाल्या योद्ध्याचा खेळहि कठीणच आहे. परंतु तेथें मेलेल्या जागीं कांहीं धन तरंगत राहतें आणि पुन्हां तेथवर पोहोंचल्यास परत मिळतें. वाटेंत विसाव्याच्या खुणा आहेत, तेथून पुन्हां उठतां येतें. परीक्षा तीच ठेवली. नापासाचा शिक्का मात्र कायमचा नाहीं.

हें सर्व समजून घेत असतां एके रात्रीं मीं चिरंजीवांजवळ १९९४ चा विषय काढला. एकतीस वर्षांत प्रथमच. नातू झोंपला होता. मीं म्हटलें, "तें यंत्र मीं तुला न विचारतां द्यावयास नको होतें." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबा, मी आठव्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत गेलों होतों. रोज पहिल्यापासून सुरू करून. शेवट कसा आहे तो कधीं पाहिला नाहीं." आणि मग, "गुण त्यामुळें घसरले नव्हते. अपूर्णांक मला समजत नव्हते. विचारायची भीति वाटायची." मी चाळीस वर्षें मास्तरकी केली, वर्गांतल्या कोणत्या मुलास काय समजत नाहीं हें मला चेहऱ्यावरून ओळखतां येतें असा माझा लौकिक होता. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं, यापेक्षां अधिक येथें लिहीत नाहीं.

आतां घरोघरच्या वडीलधाऱ्यांस दोन शब्द. आमच्या सूनबाईंचा या सर्व प्रकारास विरोध आहे. मुलाचे डोळे, मुलाची झोंप आणि मुलाची पाठ यांची तिला काळजी वाटते, आणि ती रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें खेळांच्या अनावर आसक्तीस आपल्या रोगवर्गीकरणांत स्थान दिलें असून तें वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर आपल्या संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें कायद्यानें बंदी घातली, तीहि अनेक घरांची धूळधाण पाहूनच. शिवाय जुना वेष हा सद्गुणाचा दाखला नव्हे. चौकोनी ठिपक्यांमागें आळशीपणाहि लपूं शकतो आणि लोभहि. म्हणून घरांत येणाऱ्या खेळास मी हल्लीं तीन प्रश्न विचारतों. याला शेवट आहे काय? एकदां किंमत दिल्यावर हा पुन्हां पैसे मागतो काय? आणि याच्यासमोर दोघांस शेजारीं बसून खेळतां येतें काय? तिन्हींचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं तर तो घरांत राहूं शकतो. न मिळालीं तर तो जावा. परंतु तो घालविण्यापूर्वीं मुलाजवळ बसावें, तो काय करतो तें पाहावें, आणि त्याचे गुण घसरले असतील तर आधीं त्याचें गणित पाहावें.

वेळेविषयीं आमच्या घरीं असें ठरलें आहे कीं रविवारीं दुपारीं एक तास. हा तास नातवानें स्वतः आंखून घेतला. सूनबाईंनीं दीड तासाचा एक करून घेतला. तिचें समाधान झालें आहे असें नाहीं, पण त्या तासाला ती आतां पडदा बंद करीत नाहीं.

गेल्या महिन्यांत चिरंजीवांनीं तो जुना मारिओचा खेळ आणविला. हल्लीं तो नव्या यंत्रावर मिळतो आणि अर्ध्यावर सोडून उद्यां पुढें नेण्याची सोयहि त्यांत आहे. त्यानें ती सोय वापरली नाहीं. तीन रविवार बापलेक पहिल्यापासून खेळले. तिसऱ्या रविवारीं आठव्या जगाचा दुसरा टप्पा आला तेव्हां त्यानें मला हांक मारली, "बाबा, इकडे या. येथपर्यंत." मी आरामखुर्ची उचलून त्यांच्यामागें नेऊन बसलों. शेवट त्या दिवशीं झाला नाहीं. आणखी दोन टप्पे राहिले आहेत.